ॲक्सिलरेटरला केबल नसलेल्या गाडीचा कंप्युटर हँग झाला तर?

तुम्ही विचारलंय की नव्या गाडीत पेडलपासून इंजिनापर्यंत केबलच नाही, मधे नुसता कंप्युटर. तो मोबाईलसारखा हँग झाला तर गाडी सुसाट सुटेल का, आणि त्यापेक्षा जुनी केबलवाली गाडी बरी का? गाडीतले हे कंप्युटर, म्हणजे ईसीयू, मुद्दाम बिघडवायचे आणि बिघडल्यावर ते कसे वागतात ते पाहायचं, हेच माझं बरीच वर्षं काम आहे, म्हणून लिहितो.

केबल हँग होत नाही हे खरं, पण ती अडकते. गंजते, तिची एखादी तार तुटून आवरणात रुतते आणि पाय उचलला तरी थ्रॉटल, म्हणजे इंजिनात हवा सोडणारी झडप, उघडाच राहतो. आपण अडकलोय हे तिला कळायचा काही मार्ग नाही. तिच्या जागी जे पेडल आलं त्यात दोन सेन्सर असतात. दोघे मोजतात एकच हालचाल, पण वेगवेगळ्या व्होल्टेजमध्ये. बऱ्याच गाड्यांत एकाचं व्होल्टेज दुसऱ्याच्या निम्मं असतं. हा निम्म्याचा प्रकार सुरुवातीला मला उगाचच वाटायचा. पण समजा दोन वायरी एकमेकींना चिकटल्या, तर दोन्हीकडून सारखाच आकडा येतो, आणि सारखा आला म्हणजेच काहीतरी बिघडलंय! थ्रॉटलवरही अशीच जोडी असते. हिशोब जुळला नाही की ईसीयू सावध होतो. त्याने थ्रॉटल हलवणाऱ्या मोटरचा पुरवठा तोडला की स्प्रिंग झडप जवळजवळ मिटवते आणि गाडी रेंगाळत चालते. याला लिंप मोड म्हणतात. ‘पिकअपच घेत नाही’ म्हणून वैतागून येणाऱ्यांतल्या काहींची गाडी खरं तर तेव्हा नेमून दिलेलं काम करत असते.

आता हँग होण्याबद्दल. ईसीयूत वॉचडॉग असतो. प्रोग्रामने ठरावीक वेळाने ‘हजर’ म्हणायचं, नाही म्हटलं तर तो सगळंच रीसेट करतो. काही ईसीयूंमध्ये दुसरी चिप मास्तरासारखी प्रश्न विचारत राहते आणि चुकीचं उत्तर आलं तर थ्रॉटलची वीजच तोडते. २०११ मध्ये आलेल्या आयएसओ २६२६२ या मानकात अशा व्यवस्थांच्या ए ते डी अशा पायऱ्या ठरवल्या आहेत. डी सगळ्यांत कडक.

म्हणजे सगळं आलबेल? नाही. टोयोटाच्या गाड्या आपोआप वेग घेतात अशा तक्रारींवरून २००९-१० मध्ये अमेरिकेत मोठं वादळ उठलं. नासाच्या अभियंत्यांनी तपास केला. थ्रॉटल मोठ्या प्रमाणात उघडेल असा इलेक्ट्रॉनिक दोष सापडला नाही, असं २०११ मध्ये सांगितलं गेलं. पायाखालच्या मॅट आणि अडकणारी पेडलं मात्र सापडली होती. पण बंद पडलेल्या एका पेडलमध्ये कथिलाचा केसासारखा तंतू वाढून दोन सिग्नल जोडले गेल्याचंही नासालाच दिसलं. पुढे २०१३ मध्ये ओक्लाहोमातल्या खटल्यात सॉफ्टवेअर तज्ज्ञाने साक्ष दिली की मेमरीतला एक बिट (शून्य किंवा एक) उलटला तरी प्रोग्राममधलं महत्त्वाचं काम (टास्क) बंद पडू शकतं आणि वॉचडॉगला त्याचा पत्ता लागत नाही. ज्युरीने कंपनीच्या विरोधात कौल दिला. माझ्या मते दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात: पुरावा सापडला नाही, आणि कोड विश्वास ठेवण्याजोगा नव्हता.

मला स्वतःला मात्र हँग होण्यापेक्षा वीजपुरवठ्याची धास्ती जास्त वाटते. जनरल मोटर्सच्या इग्निशन स्विचचं प्रकरण बघा. किल्ली जागची घसरायची, इंजिन बंद, पॉवर स्टिअरिंगची मदत बंद आणि ऐन धडकेच्या वेळी एअरबॅगही बंद. भरपाई निधीने १२४ मृत्यूंचे दावे मान्य केले. दोष होता एका साध्या यांत्रिक स्विचमध्ये. माझ्याकडे एकदा एबीएस (ब्रेक मारताना चाकं लॉक होऊ न देणारी यंत्रणा), स्टिअरिंग आणि इंजिन असे तिन्ही दिवे एकदम पेटलेली गाडी आली. आधी तीन ईसीयू बदलायचा सल्ला मिळाला होता. निघाला अर्थिंगचा, म्हणजे वायर गाडीच्या बॉडीला जोडणारा, गंजलेला बोल्ट.

जुनी गाडी बरी म्हणाल, तर दोनच आकडे सांगतो. घसरणारी गाडी सावरणाऱ्या ईएससीमुळे एकट्याच गाडीचे अपघात कारमध्ये ३४ टक्के आणि एसयूव्हीत ५९ टक्के कमी होतात, असा अमेरिकेच्या रस्ते-सुरक्षा खात्याचा अंदाज होता. ईएससी करते तसा चारातल्या नेमक्या एकाच चाकाला ब्रेक लावणं माणसाच्या पायाला जमणारं नाही, कारण पेडल एकच.

तरीही कधी वेग आवरेनासा झालाच, तर ब्रेक एकदाच घट्ट दाबा आणि दाबूनच ठेवा. पंप करू नका. थ्रॉटल उघडा असताना इंजिनातला व्हॅक्यूम कमी असतो, ब्रेकला त्याच्या मदतीने जोर देणाऱ्या बूस्टरमधला साठा एक-दोन पंपात संपतो आणि पेडल दगडासारखं होतं. गिअर न्यूट्रलला टाका, इंजिन ओरडलं तर ओरडू द्या. धावत्या गाडीत किल्ली पूर्ण फिरवून काढू नका, स्टिअरिंग लॉक होईल. बटणवाल्या गाड्यांत बहुधा बटण काही सेकंद दाबून धरावं लागतं, पण प्रत्येक कंपनीचं वेगळं असतं. तेवढं पान मॅन्युअलमध्ये आजच वाचून ठेवा.

आणि हॉर्न, दिवे, कॅमेरा बसवताना कुणी मूळ वायरिंग कापून जोड मारत असेल, तर त्याला तिथेच थांबवा.