पाटल्या गहाण आहेत, हे मुलाला सांगा

प्रश्न : मी तालुक्याच्या गावी पतसंस्थेत कर्ज विभागात कारकून आहे. मुलगा नववीत आहे, गुण ६८ टक्के. गेल्या महिन्यात त्याला बँकेत पैसे भरायला पाठवलं, तर स्लिप भरता आली नाही म्हणून तसाच परत आला. शाळा व्यवहारातलं काहीच शिकवत नाही. उलट त्याला ऑटोमोबाइलचा व्यवसाय विषय दिला आहे, त्यानं सायन्सचं दार बंद होईल. शनिवारी तो चुलत्याच्या गॅरेजवर जाऊन बसायचा, ते मी बंद केलं. आता त्याला पुण्यात सीईटीच्या तयारीसाठी क्लासच्या फाउंडेशन कोर्सला घालतोय. फी १ लाख २० हजार. मिसेसच्या पाटल्या ठेवून सोनेतारण कर्ज काढलंय. मुलाला सांगितलेलं नाही, उगाच टेन्शन नको. सोमवारी पैसे भरायचे आहेत. माझा निर्णय बरोबर आहे ना? आणि पैशाचे व्यवहार, कामधंद्याची कौशल्यं शाळेनंच शिकवायला नकोत का?

उत्तर : गुणांचा आकडा मी एकदा वाचला. पाटल्यांची ओळ मात्र चारदा वाचली.

तुम्ही दिवसभर कर्जाचे कागद करता. जामीनदार कशाला लागतो, हप्ता थकला की व्याज कसं चढतं, सरळ व्याज आणि घटत्या शिलकीवरचं व्याज यांत माणूस कुठे फसतो, हे तुमच्याइतकं गावात फार थोड्यांना कळत असेल. तेच कर्ज तुमच्या घरात आलं, तेव्हा ते मुलापासून लपवलंत आणि त्याच पत्रात शाळेनं व्यवहार शिकवावा म्हणून तक्रार केलीत. हे मला पटलेलं नाही. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाला आईच्या हातातल्या पाटल्या दिसेनाशा झाल्याचं कळत नाही, असं समजू नका. त्याला कळतं. फक्त विचारायचं कसं, हे कळत नाही. मग उद्या चाचणीत कमी गुण पडले की त्या न विचारलेल्या पाटल्या त्याच्या डोक्यावर बसतात. टेन्शन सांगितल्यानं येत नाही, अंदाज बांधत बसल्यानं येतं.

म्हणून पहिलं काम हे करा. कर्जाची पावती त्याच्यासमोर ठेवा. व्याजदर बारा टक्के धरला, तर १ लाख २० हजारांवर वर्षाचं व्याज १४ हजार ४०० रुपये, महिन्याचं १ हजार २००. हे त्यालाच काढू द्या. नुसतं व्याज भरत राहिलं तर मुद्दल जागचं हलत नाही, हेही त्याच्याच तोंडून येऊ द्या. त्या वेळी त्याची आई तिथे बसलेली असावी, कारण पाटल्या तिच्या आहेत.

आता तुमचा मोठा प्रश्न. शाळेनं पैशाचे व्यवहार आणि हाताची कामं शिकवावीत का? हो, शिकवावीतच. पण ‘काहीच शिकवत नाहीत’ हे खरं नाही. आपल्या बोर्डाच्या नववी आणि दहावीच्या बीजगणितात ‘अर्थनियोजन’ नावाचं प्रकरण आहे. नववीत बचत, गुंतवणूक आणि प्राप्तिकर, दहावीत जीएसटी, शेअर, म्युच्युअल फंड. मुलं दर्शनी किंमत आणि बाजारभाव यांची उदाहरणं भराभर सोडवतात आणि स्वतःच्या नावाचं पासबुक मात्र हातात धरलेलं नसतं. दहा वर्षं पूर्ण झालेल्या मुलाला बचत खातं स्वतः चालवायची परवानगी रिझर्व्ह बँकेनं कधीचीच दिली आहे. तुमच्या मुलाचं खातं आहे का? पत्रात तसा उल्लेख नाही.

नुसता तास वाढवून हे ज्ञान येत नाही, ते काम करून येतं. पुणे जिल्ह्यातल्या पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला, तो याच विचारानं. तिथून शाळांमध्ये गेलेल्या ‘मूलभूत तंत्रज्ञान ओळख’ या विषयात मुलं वेल्डिंग, शेती, वीजजोडणी, स्वयंपाक करतात आणि केलेल्या वस्तूचा खर्चही काढतात. अशा एका शाळेत मुलींनी केलेलं लोखंडी टेबल मी पाहिलं. वहीत हिशेब होता : अँगल १८ किलो, ६५ रुपयांनी ११७०, रॉड ९०, प्राइमर आणि रंग १८०, एकूण १४४०. टेबल दीड हजाराला दिलं होतं. सरांनी एवढंच विचारलं, “वीज? आणि कापताना वाया गेलेले तुकडे?” एका मुलीनं खाली आकडे मांडले, दोनदा बेरीज केली आणि म्हणाली, “सर, म्हणजे आपण तोट्यात दिलं. आणि मजुरी तर धरलीच नाही.” ती मुलगी आयुष्यात कोटेशन देताना वीज आणि मजुरी विसरणार नाही.

तुमच्या मुलाला असंच शिकायची जागा मिळाली होती, चुलत्याचं गॅरेज. ती तुम्ही बंद केलीत. शनिवारपासून पुन्हा सुरू करा आणि चुलत्यांना सांगा, पान्याबरोबर बिलबुकही त्याच्या हातात द्या.

व्यवसाय विषय घेतला की सायन्सचं दार बंद होतं, असं तुम्हाला वाटतंय. हा गैरसमज मला दरवर्षी भेटतो. दहावीला या विषयाची रीतसर परीक्षा असते आणि त्यानंतर अकरावीला कुठलीही शाखा घेता येते. गंमत बघा : अकरावीला ‘बायफोकल’ मिळावं म्हणून पालक धडपडतात. ते इलेक्ट्रॉनिक्स किंवा कॉम्प्युटर सायन्स हेसुद्धा व्यवसाय विषयच आहेत आणि इंजिनिअरिंगच्या प्रवेशाला चालतात. दहावीनंतर थेट डिप्लोमा करून इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला जाता येतं. आयटीआय केलेल्यालाही डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाची वाट आहे. नववीतल्या ऑटोमोबाइलनं यातलं काहीही अडत नाही.

सीईटीबद्दल, म्हणजे इंजिनिअरिंगच्या प्रवेश परीक्षेबद्दल, एवढंच : तिच्यात अकरावीच्या अभ्यासक्रमाला वीस टक्के आणि बारावीच्या अभ्यासक्रमाला ऐंशी टक्के भार असतो. त्यासाठी नववीच्या मुलाला गाव सोडायला लावू नका.

आणि तुमचा निर्णय मला चुकीचा वाटतो, हेही स्पष्ट लिहितो. केंद्राच्या शिक्षण मंत्रालयानं जानेवारी २०२४ मध्ये क्लासेससाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. सोळा वर्षांखालच्या मुलांना घेऊ नये, प्रवेश दहावीच्या परीक्षेनंतरच द्यावा आणि मुलानं मध्येच सोडलं तर उरलेल्या काळाची फी दहा दिवसांत परत करावी, असं त्यांत आहे. तुमचा मुलगा नववीत आहे. सोमवारी पैसे भरू नका. रक्कम अजून हातात असेल तर कर्ज फेडून पाटल्या सोडवून आणा.

तरीही जाणारच असाल, तर त्याला सोबत न्या. प्रवेश अर्ज त्याच्या हातात द्या आणि फी परत मिळण्याची अट कुठल्या पानावर आहे, ते त्यालाच शोधायला सांगा.