वाय-फायच्या काड्या फुल, तरी नेट बंद. असं का?

काड्या फक्त तुमचा फोन आणि राउटर यांच्यातलं सांगतात. ते लॅन, म्हणजे घरातलं जाळं. राउटरच्या पुढे गावाबाहेर जाते ती लाइन वॅनची, म्हणजे बाहेरच्या मोठ्या जाळ्याची. आमच्या यवतमाळकडच्या गावात नाली खोदायला जेसीबी आला की फायबर गेलीच समजा बाप्पा! तरी दुकानात आधी उतरवून ठेवलेल्या सातबाऱ्याची प्रिंट निघते, कारण प्रिंटर राउटरच्या अलीकडे आहे.

राउटरवर 'लॉस'चा लाल दिवा असेल तर फायबरमधून सिग्नलच येत नाही, तक्रार नोंदवा. दिवा नसेल तर लॅपटॉपवर आयपी पत्ता, म्हणजे जाळ्यात लॅपटॉपला मिळालेला नंबर, बघा. तो वाटायचं काम राउटर डीएचसीपी या प्रोटोकॉलने, म्हणजे ठरलेल्या नियमांनी, करतो. १६९.२५४ने सुरू होणारा दिसला तर राउटरकडून पत्ता मिळालाच नाही. राउटर बंद करून पुन्हा चालू करा.