इस्तंबूलच्या सहलीत गॅलिपोलीला दोन दिवस द्यावेत का? (ऑक्टोबरची सहल, सोबत 8 आणि 13 वर्षांची मुलं आणि सत्तरीच्या आई. आणि तिथे आपलं भारतीयांचं काय आहे?)

द्यावेत, अगदी नक्की द्यावेत. गॅलिपोली म्हणजे तुर्कस्तानातला द्वीपकल्प, पहिल्या महायुद्धातली मोठी रणभूमी. फक्त इस्तंबूलहून पहाटे निघून मध्यरात्री परत आणणाऱ्या एका दिवसाच्या टूरने जाऊ नका. नुसतं पोचायलाच साडेचार-पाच तास लागतात. आई आणि आठ वर्षांचा मुलगा यांना घेऊन दिवसभर बसमध्ये आणि मधले जेमतेम चार तास किनाऱ्यावर, यात कुणाच्याच पदरात काही पडत नाही. एक मुक्काम कराच. नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही इस्तंबूलला राहायचो तेव्हा भारतातून कुणी आलं की मी त्यांना तिकडे घेऊन जायची, त्यामुळे वयस्कर माणसांना आणि मुलांना काय झेपतं ते चांगलं माहीत आहे.

मुक्काम चनाक्कले शहरात करा. ते डार्डनेल्स सामुद्रधुनीच्या आशियाकडच्या काठावर आहे आणि रणभूमी समोरच्या युरोपकडच्या काठावर. त्याच काठावरच्या एजेआबात गावाहून चनाक्कलेला जाणारी फेरी अर्ध्या तासाच्या आत पलीकडे नेते आणि मुलांना तो प्रवासच आवडतो. एजेआबातमध्येही हॉटेलं आहेत, पण संध्याकाळी पाय मोकळे करायला चनाक्कलेचा धक्का फार छान आहे. रणभूमीच्या भागात फिरायला मात्र स्वतःची किंवा भाड्याची गाडी हवीच, नाहीतर तिथला स्थानिक गाइड घ्या. सार्वजनिक बसच्या भरवशावर राहू नका.

थोरल्या मुलीला निघण्याआधी घरीच पार्श्वभूमी सांगा, तिथे उन्हात ती ऐकणार नाही. थोडक्यात अशी: ब्रिटन आणि फ्रान्सला या चिंचोळ्या सामुद्रधुनीतून आरमार घुसवून इस्तंबूल गाठायचं होतं, म्हणजे तुर्कस्तान युद्धातून बाहेर पडेल आणि मित्रराष्ट्र रशियापर्यंतचा समुद्रमार्ग मोकळा होईल. 18 मार्च 1915 ला त्यांनी जोर लावला. पण 'नुसरेत' नावाच्या एका छोट्या तुर्की जहाजाने दहा दिवस आधी रात्रीच्या अंधारात 26 सुरुंग पेरून ठेवले होते. एका दिवसात तीन मोठ्या युद्धनौका बुडाल्या. मग जमिनीवर सैन्य उतरवून काठावरच्या तोफा मागून ताब्यात घ्यायचं ठरलं आणि 25 एप्रिलच्या पहाटे होड्या किनाऱ्याला लागल्या. आठ महिन्यांहून जास्त काळ लढाई चालली, दोन्ही बाजूंची मिळून लाखाहून अधिक माणसं गेली आणि जानेवारी 1916 पर्यंत दोस्त राष्ट्रांचे, म्हणजे ब्रिटन-फ्रान्सच्या बाजूचे, शेवटचे सैनिकही परत गेले. चनाक्कलेच्या आरमारी संग्रहालयात नुसरेतची प्रतिकृती आहे, धाकट्याला ती दाखवा.

आता माझं खरं म्हणणं. गॅलिपोलीत स्मारकं आणि दफनभूमी इतक्या आहेत की यादी करून फिरलात तर तिसऱ्या ठिकाणानंतर सगळे संगमरवर सारखेच दिसायला लागतात. तिथे बघायची ती जमीन. म्हणून सुरुवात किनाऱ्यापासून करा आणि सैनिक जसे वर चढत गेले तसेच वर जा.

पहिल्या दिवशी आरिबुर्नू आणि अ‍ॅन्झॅक कोव्ह. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडचे सैनिक इथे उतरले, अ‍ॅन्झॅक हे त्यांच्याच सैन्याचं आद्याक्षरी नाव. किनारा बघून पहिल्यांदा धक्का बसतो तो त्याच्या लहानपणाचा. वाळूची एक अरुंद पट्टी, आणि तिच्या अगदी पाठीला लागून झुडपांनी भरलेले, पावसाने चिरलेले उभे कडे. पाण्याकडे पाठ करून मुलांना वर बघायला सांगा आणि विचारा, पाठीवर ओझं घेऊन तू कुठून चढशील? आमच्याकडच्या मुलांना मोठ्या भाषणापेक्षा हा एक प्रश्न जास्त कळला. तिथल्या थडग्यांचे दगडही उभे नसतात, जमिनीलगत बुटके असतात. त्यावर नाव, वय, आणि कित्येकांवर घरच्यांनी पाठवलेली एखादी ओळ असते. वय वाचा. एकोणीस, वीस, बावीस. मुलीला ते वाचू द्या, तुम्ही काही बोलू नका.

मग गाडीने वर लोन पाइन, म्हणजे ऑस्ट्रेलियनांचं स्मारक आणि दफनभूमी, आणि तिथून थोडं पुढे जॉनस्टन्स जॉली. लोन पाइनला लोक खूप वेळ घालवतात, मी जॉनस्टन्स जॉलीला घालवेन. पाइनच्या झाडांखाली तेव्हाचे खंदक अजून दिसतात, बुजत आलेले, नागमोडी. एका बाजूला ऑस्ट्रेलियनांचे, रस्त्यापलीकडे तुर्कांचे. मधलं अंतर मुलांना पावलांनी मोजायला लावा. या माथ्यावर काही जागी दोन्ही खंदक इतके जवळ होते की हाताने बाँब फेकता यायचे. खंदकात उतरू मात्र देऊ नका, माती ठिसूळ आहे आणि ती शेवटी माणसांची शेवटची जागा आहे.

जवळच 57 व्या रेजिमेंटचं तुर्की स्मारक आहे. तिथे जाच, नाहीतर ही सहल एकाच बाजूची होईल. तुर्की कुटुंबं तिथे आजी-आजोबांना, पोरांना घेऊन येतात, हात पसरून दुआ मागतात. आपल्यासारखी कुटुंबवत्सल माणसं, तुमच्या आईंना बसायला जागा करून देतील. तिथे एक म्हातारा सैनिक आणि त्याचा हात धरलेली छोटी मुलगी असा पुतळा आहे, मुलं तिथे हमखास थांबतात.

शेवटी चुनुक बाइरचा माथा. गाडी अगदी जवळ जाते, त्यामुळे आईंना त्रास नाही. इथून एकीकडे एजियन समुद्र आणि दुसरीकडे सामुद्रधुनी दिसते, आणि सगळी लढाई कशासाठी होती ते एका नजरेत समजतं. पुढे आधुनिक तुर्कस्तानचे संस्थापक झालेल्या केमाल पाशांचं (अतातुर्क) नाव झालं ते याच डोंगररांगेवर. 10 ऑगस्टला त्यांच्या छातीवर गोळ्याचा तुकडा लागला आणि खिशातल्या घड्याळाने जीव वाचला, ही गोष्ट तुर्कस्तानातल्या शाळकरी पोरांना पाठ असते.

तुम्ही विचारलंत की तिथे आपलं काय आहे. बरंच आहे, आणि आपल्याकडे ते फारसं कुणाला माहीत नाही. 25 एप्रिलच्या सकाळीच अ‍ॅन्झॅकला भारतीय पहाडी तोफखाना उतरला होता. खेचरांवर सुट्या करून लादायच्या छोट्या तोफा, त्यांच्यामागे शीख आणि पंजाबी मुसलमान जवान. पाणी आणि दारूगोळा त्या कड्यांवरून वर न्यायचं काम भारतीय खेचरवाले करायचे. गाढवावरून जखमींना आणणारा सिम्प्सन ऑस्ट्रेलियात घराघरात माहीत आहे. तो राहायचा आणि जेवायचा या भारतीयांच्याच तळावर. त्याचं थडगं अ‍ॅन्झॅकच्या बीच सेमेटरीत आहे. आणि 9 ऑगस्टला 6 व्या गुरखा रायफल्सची पहिली बटालियन चुनुक बाइरजवळच्या कण्यावर पोचली, पलीकडचं पाणी त्यांनी पाहिलं, पण तोफांच्या माऱ्यात मागे यावं लागलं.

मराठा पलटणी इथे नव्हत्या. त्या त्याच तुर्कांशी मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, लढत होत्या, सहाव्या म्हणजे पूना डिव्हिजनमध्ये, आणि एप्रिल 1916 मध्ये तिथल्या कुत गावाच्या वेढ्यातून शरण जावं लागलेल्यांत त्या होत्या. मुलांना हे सांगितलंत तर नकाशावरचं गॅलिपोली एकदम घराजवळ येतं.

गॅलिपोलीत लढलेल्या आपल्या जवानांसाठी दुसऱ्या दिवसाची सकाळ दक्षिण टोकाला, हेलेसला द्या. तिथल्या उंच दगडी स्तंभाभोवतीच्या भिंतींवर वीस हजारांहून जास्त नावं आहेत, आणि त्यांत भारतीय पलटणींची स्वतंत्र नावं. 14 व्या शीख पलटणीचे रकाने शोधा. 4 जून 1915 या एका दिवसात तिचे साडेतीनशेहून अधिक जण मेले किंवा जखमी झाले. शीख आणि हिंदू जवानांना अग्नी दिला जायचा, त्यामुळे त्यांची थडगी फारशी सापडणार नाहीत. त्यांच्यासाठी ही भिंतच. माझे सासरे सैन्यात होते. ते तिथे एकेक सिंग बोटाने वाचत गेले आणि आम्ही कुणी घाई केली नाही.

त्याच बाजूला सेद्दुलबहिरच्या किल्ल्याखाली व्ही बीच आहे. 'रिव्हर क्लाइड' या कोळसा वाहणाऱ्या जहाजात दोनेक हजार माणसं भरून ते मुद्दाम इथे किनाऱ्यावर चढवलं होतं. बाजूला कापलेल्या दारांतून बाहेर पडणारे रांगेने टिपले गेले. वेळ कमी असेल तर तुर्कांचं चार खांबांचं मोठं स्मारक गाडीतून बघितलं तरी चालेल, ते लांबूनच दिसतं.

ऑक्टोबर चांगला निवडलात. जुलै-ऑगस्टमध्ये तिथे सावली नाही आणि ऊन भाजतं. 18 मार्च आणि 25 एप्रिलच्या आसपास प्रचंड गर्दी असते, रस्ते बंद असतात. पाणी, टोप्या आणि आईंसाठी एक घडीची खुर्ची गाडीत ठेवा. शाकाहारी असाल तर मसुराचं सूप आणि गोझलेमे (सारण भरलेली पातळ पोळी) कुठेही मिळतं, आणि चनाक्कलेचा चीजचा हलवा मुलांना द्याच. ट्रॉयचे अवशेष तिथून तीसेक किलोमीटरवर आहेत. दुसऱ्या दुपारी वेळ उरला आणि मुलांत उत्साह असला तरच जा. हेलेस टाकून ट्रॉय करू नका. चनाक्कलेच्या धक्क्यावर 'ट्रॉय' सिनेमासाठी बनवलेला भलामोठा लाकडी घोडा उभा आहे, धाकट्याचं समाधान त्यावरही होईल.