लोड पावणेदोनशे वॉटचा, पेट्रोल पाऊण लिटर

प्रश्न : गावात माझं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे. दिवसातनं तीन-चार तास लाइट जाते म्हणून अडीच केव्हीएचा पेट्रोल जनरेटर सेकंडहँड घेतला. त्यावर लॅपटॉप, दोन एलईडी ट्यूब, एक फॅन, वायफाय आणि लेझर प्रिंटर एवढंच आहे, तरी तासाला पाऊण लिटर पेट्रोल जातंय. मेकॅनिकने कार्बोरेटर दोनदा साफ केला, प्लग बदलला, फरक शून्य. आवाज फार होतो म्हणून दुकानातच मागच्या कोपऱ्यात ठेवतो आणि शटर अर्धं खाली ओढतो. काही उपाय?
(जत तालुक्यातले एक वाचक)

उत्तर : आधी तो जनरेटर दुकानाबाहेर काढा, आजच, आणि मग पुढचं वाचा. त्याच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो, त्याला ना वास ना रंग, डोकं जड होतं, झोप आल्यासारखं वाटतं आणि बसलेला माणूस बसल्या जागी जातो. शटर अर्धं उघडं आहे म्हणजे हवा खेळते हा गैरसमज आहे. आणि पेट्रोलचंच बोलायचं तर कोपऱ्यात ठेवलेलं इंजिन स्वतःचाच धूर आणि गरम हवा परत आत ओढतं, मग ते नीट जळणार कसं. मागच्या बोळात, दारा-खिडकीपासून लांब, वर पत्र्याचा आडोसा करून ठेवा आणि जाड वायर ओढून घ्या.

आता खरी गोष्ट. तुमच्या मेकॅनिकची काही चूक नाहीये आणि बहुतेक जनरेटरचीही नाही. साध्या जनरेटरला 50 हर्ट्झची, म्हणजे सेकंदाला 50 आवर्तनांची, लाइट द्यायची म्हणजे मिनिटाला 3000 फेरे मारावेच लागतात, मग तुम्ही त्यावर एक बल्ब लावा नाहीतर दोन इस्त्र्या. म्हणजे एक पाहुणा आणायला अख्खी एसटी पाठवल्यासारखं आहे हे, डिझेल एसटीचं जातं, पाहुण्याचं नाही. हिशोब बघा ना : लॅपटॉप 55, ट्यूब 40, फॅन 70, वायफाय 10, झाले 175 वॉट. चांगल्या स्थितीतला छोटा पेट्रोल जनरेटर भरल्या लोडवर एका युनिटला साधारण अर्धा लिटर पितो. त्या हिशोबाने तुमच्या तासाभराच्या कामाचं पेट्रोल होतं नव्वद मिली. बाकीचं सगळं नुसतं इंजिन फिरवण्यात जातंय.

मग एवढा मोठा जनरेटर घेतला कशाला, तर लेझर प्रिंटरसाठी. प्रिंट काढताना त्यातला रोलर गरम होतो तेव्हा काही सेकंद आठशे-हजार वॉट ओढतो, लहान जनरेटर तिथं मान टाकतो. म्हणजे त्या काही सेकंदांसाठी तुम्ही दिवसभर मोठं इंजिन पळवताय. फॉर्मच्या प्रिंट इंक टँकवाल्या प्रिंटरवर काढल्या तर तो पंधरा-वीस वॉटमध्ये काम करतो, आणि मग हा सगळा पसारा घरातल्या साध्या इन्व्हर्टर-बॅटरीवर बसतो. 150 एएचची 12 व्होल्टची बॅटरी म्हणजे 1800 वॉट-तास, ती अर्धीच वापरायची म्हटली (पूर्ण उपसलीत तर दोन वर्षांत भंगारवाल्याकडे) तरी 900 हातात येतात, त्यात तुमचे चार तास जेमतेम निघतात. जनरेटर विकू नका, दिवसभर लाइट गेली तर लागेल, पण तेव्हा त्याला एकदाच दीड-दोन तास चालवा आणि त्या वेळात लेझरच्या प्रिंटचा गठ्ठा, लॅमिनेशन, बॅटरी चार्जिंग सगळं एकदम उरकून घ्या. एकटी बॅटरी चार्ज करायला मात्र तो लावू नका, ती दोनशे वॉटच्या आसपासच ओढते, म्हणजे परत रिकामी एसटी.

आणि हे सगळं करायच्या आधी एकदा नीट मोजा. गार इंजिनची टाकी ठरलेल्या खुणेपर्यंत भरा, रोजच्या लोडवर एक तास चालवा, बंद करून पूर्ण गार होऊ द्या, मग मिलीच्या खुणा असलेल्या बाटलीने परत त्याच खुणेपर्यंत भरा. अंदाजाने पाऊण म्हणणारे बरेच जण मोजल्यावर अर्धा निघतात, काही जण एक.

प्रश्न : आठवडी बाजारात ज्यूसची गाडी लावतो. एक केव्हीएचा इन्व्हर्टर टाइप जनरेटर आहे, त्याला इको बटण आहे. इकोवर ठेवला की मिक्सर लावल्या लावल्या लाइट डोळे मिचकावतात, म्हणून इको बंदच ठेवतो. त्याने खरंच एवढा फरक पडतो का? शिवाय हल्ली काळा धूरही येतो.
(बार्शी)

उत्तर : पडतो, आणि या प्रकारच्या जनरेटरचे जास्तीचे पैसे आपण त्या बटणासाठीच मोजलेले असतात. यात इंजिन कितीही फेऱ्यांवर फिरलं तरी आतलं सर्किट 50 हर्ट्झच देतं, त्यामुळे लोड कमी असला की इंजिन हळू होऊ शकतं. मिक्सर लावला की त्याला वेग पकडायला क्षण-दोन क्षण लागतात, तेवढंच ते मिचकावणं, मिक्सर बंद पडत नसेल तर दुर्लक्ष करा. एकामागून एक ऑर्डर असताना इको बंद, दुपारची मंदी आली की चालू, एवढी सवय हाताला लावून घ्या. आणि गाडीवर अजून 500 वॉटचा हॅलोजन असेल तर तो आधी उतरवा, 50 वॉटचा एलईडी फ्लड लावा. तो हॅलोजन तुमचं निम्मं मशीन एकटा खातोय.

काळ्या धुराचं म्हणाल तर आधी चोक बघा. हे मी शहाणपणाने नाही सांगत, अनुभवाने सांगतोय. आमच्या वाडीच्या गणपतीत एका वर्षी जनरेटरची जबाबदारी माझ्याकडे होती, दोरी ओढून चालू केला आणि कोणीतरी प्रसादाला हाक मारली तसा गेलो, चोक अर्धा ओढलेलाच राहिला. रोज रात्रभर पुरणारी टाकी त्या दिवशी ऐन आरतीत संपली, अंधारात ‘घालीन लोटांगण’ झालं. दुसऱ्या दिवशी प्लग काढला तर तव्याखालच्या काजळीसारखा काळाकुट्ट, नीट जळणाऱ्या इंजिनचा प्लग भाजलेल्या शेंगदाण्याच्या सालीच्या रंगाचा असतो. चोक उघडा असूनही प्लग काळा येत असेल तर मग एअर फिल्टर. तुमच्या गाडीजवळ धूळ तर आहेच, वर शेजारच्या भज्यांच्या कढईची तेलकट वाफ, स्पंज चिकट होऊन बुजतो, हवा कमी आणि पेट्रोल जास्त असं होतं. कोमट पाण्यात साबणाने धुवा, पूर्ण सुकवा, इंजिन ऑइलचे दोन थेंब टाकून पिळून लावा. प्लगची गॅप 0.7 ते 0.8 मिमी, पण तुमच्या मशीनच्या पुस्तकात वेगळी दिली असेल तर तीच ठेवा.

प्रश्न : पाइपला चुंबक लावायचं, कार्बोरेटरचा जेट (पेट्रोल सोडणारं भोक) बारीक टाकायचा, रेस कमी करायची, यातलं काय खरं?
(नाशिक)

उत्तर : चुंबक फ्रिजवर लावा, पोरांची चित्रं तरी लागतील. जेट बारीक केला की पेट्रोल कमी पडून इंजिन तापतं आणि व्हॉल्व्ह जळतो, वाचलेले पैसे मेकॅनिकला. साध्या जनरेटरची रेस कमी केली की हर्ट्झ उतरतात, व्होल्टेजही उतरतं आणि फ्रिज-पंपाच्या मोटारी गरम होतात. उलटं मात्र तपासा, कोणीतरी स्क्रू पिळून रेस वाढवून ठेवलेली असते. हर्ट्झ दाखवणाऱ्या मीटरवर रिकाम्या जनरेटरला 51-52 असेल तर ठीक, 54-55 दिसले तर गव्हर्नर (इंजिनचा वेग धरून ठेवणारा भाग) नीट लावून घ्या, ते पेट्रोलही फुकट आणि बल्बही जातात.

प्रश्न : स्ट्रॉबेरीच्या सीझनला जनरेटर वाईहून पाचगणीला नेतो. वर तो जास्त पितो आणि दमतो असं वाटतं. भास आहे का?
(वाई)

उत्तर : भास नाही. वर हवा विरळ असते, कार्बोरेटर मात्र पेट्रोल तेवढंच सोडतो, आणि ताकद दर 300 मीटरला साधारण साडेतीन टक्के घटते. पसरणीचा घाट चढून गेलात की साधारण पावणेसहाशे मीटर वर आलात, म्हणजे सहा-सात टक्के गेले. त्यासाठी जेट बदलायच्या भानगडीत पडू नका, वर तेवढा लोड कमी ठेवा. एक मात्र करा, सीझन संपल्यावर टाकीत पेट्रोल ठेवून तो कोपऱ्यात लोटू नका. आताच्या पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, ते पाणी ओढतं, आणि कार्बोरेटरमध्ये राहिलेलं वाळून चिकट होतं. टाकी रिकामी करा, उरलेलं संपून आपोआप बंद पडेपर्यंत इंजिन चालू राहू द्या, मग झाकून ठेवा.