कात्री, खळ, कागद : वाचकांचे प्रश्न

या महिन्यात पत्रं बरीच आली आणि त्यातली निम्मी एकाच दुखण्याची : सामान आहे, वेळ आहे, सुचत काही नाही. त्या प्रश्नाला जागा जास्त दिली आहे. ज्यांना थोडक्यात उत्तर मिळालं त्यांनी रागावू नये. पावसाळा असल्यामुळे दुसरं दुखणंही ठरलेलंच, वाकलेला पुठ्ठा. तेही घेतलं आहे.

ताई, मी बँकेतून निवृत्त झाले आणि हौसेनं मिक्स्ड मीडियाचं, म्हणजे कागद, रंग, शिक्के, दोरा असं सगळं एकाच चित्रात वापरायचं सामान आणलं. वॉशी टेप (नक्षीची कागदी चिकटपट्टी), स्टेन्सिल, रबरी शिक्के, जेल प्लेट (रंगाचे ठसे घ्यायची मऊ पाटी), सगळं आहे. टेबलाशी बसले की डोकं रिकामं. मोबाइलवर दुसऱ्यांचं काम बघून तसंच करते, पण ते माझं वाटत नाही. सुचायचं कसं? (सहकारनगर)

आधी त्या कपाटाला महिनाभर कुलूप लावा. गंमत करत नाहीये. चाळीस रंगांच्या टेपा समोर मांडल्या की निवडण्यातच जीव दमतो आणि कागदाला हात लागायच्या आत चहाची वेळ होते. निवड कमी केली की सुचायला लागतं, असं माझं मत आहे. वडिलांच्या बायंडिंगच्या दुकानात वाढले म्हणूनही असेल. तिथे वह्या कापून जी कातरण उरायची तिच्यातच आमचं काय ते खेळणं. नवा ताव मागायची सोय नव्हती.

आता कामाचं सांगते. आठवडाभर घरात आपसूक येणारा कागद एका पिशवीत टाकत जा. औषधाच्या खोक्यातलं घडीचं पत्रक, साडीच्या घडीत येतो तो पातळ कागद, मिठाईच्या खोक्यातला बटरपेपर, पीएमपी बसचं तिकीट, लग्नपत्रिका, आतून निळसर नक्षी असलेलं बँकेचं पाकीट. या पाकिटाची ओळख तुम्हाला करून द्यायला नको! आठवड्यानं पिशवी उलटी करा आणि रंगाकडे न बघता कागद हातानं वेगळे करा : कुरकुरीत, मऊ, गुळगुळीत, खरखरीत. त्यातले तीनच ठेवा. सोबत एक रंग आणि रेघ काढायला एक वस्तू, मग ती शाई असो, सुई-दोरा असो की पेन्सिल. आकार पोस्टकार्डाएवढा. याच तीन कागदांचे वेगवेगळे आठ-दहा तुकडे करून पाहा. पहिले दोन-तीन सुबक होतील आणि कंटाळवाणे होतील. नंतर सुबक करायचा कंटाळा येतो, आणि तिथून पुढचे बघण्यासारखे असतात. औषधाचं पत्रक रंगवून चिकटवलं की खालची बारीक अक्षरं पारदर्शक पडद्यामागून दिसावीत तशी दिसतात. हे मी सांगून उपयोग नाही, तुमच्या हातून दिसलं पाहिजे.

वयाचं तुम्ही पत्रात दोनदा लिहिलंय, म्हणून सांगते. मेरी डिलेनी नावाच्या इंग्रज बाईंनी १७७२ साली, बहात्तराव्या वर्षी, कागद कापून फुलं करायला सुरुवात केली. निमित्त एवढंच, की जिरॅनियमच्या पाकळीचा लाल आणि जवळच्या कागदाच्या तुकड्याचा लाल अगदी जुळतो, हे त्यांना दिसलं. पुढे दहा वर्षांत त्यांनी काळ्या पार्श्वभूमीवर जवळपास हजार वनस्पती कागदातून उभ्या केल्या. एकेका फुलाला बारीक तुकडे कितीतरी, आणि मधूनच एखादं खरं पानही चिकटवलेलं. म्हणजे तुमचं मिक्स्ड मीडियाच झालं की. ती सगळी चित्रं ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. आणि आपल्याकडचं म्हणाल तर शांतिनिकेतनचे चित्रकार बिनोद बिहारी मुखर्जी. १९५७ च्या सुमाराला त्यांची दृष्टी पूर्ण गेली. त्यानंतर त्यांनी कागदाच्या आकृत्या कापून चित्रं केली, हातानं चाचपून. तिथे मोबाइलवर बघून करायचा प्रश्नच नव्हता.

बघायला काही हवंच असेल तर पुण्यातच नातू बागेतल्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात जा, पण सगळं संग्रहालय बघू नका. अडकित्त्यांचं कपाट गाठा आणि तिथेच अर्धा तास उभ्या राहा. घोड्याचा, पक्ष्याचा, माणसांच्या जोडीचा, आकार केवढे निरनिराळे! वहीत फक्त बाहेरची कड काढा, आतली नक्षी नको. घरी आल्यावर ती कड पेन्सिलीनं न आखता थेट कात्रीनं कापा. दोन दांड्यांच्या मधली जी रिकामी जागा कापून खाली पडते, ती उचलून बघा. पुष्कळदा मूळ आकारापेक्षा तिच्यातच जास्त दम असतो. पुढच्या खेपेला दिव्यांचं कपाट. रंगासाठी मंडई. सकाळी आठच्या सुमाराला पालेभाजीच्या गाळ्यांसमोरून एक फेरी मारा आणि शेजारी-शेजारी पडलेले दोन-दोन रंग टिपून आणा : माठाच्या देठाचा गुलाबी आणि गोणपाटाचा तपकिरी, कच्च्या केळीचा हिरवा आणि त्याखालच्या जुन्या वर्तमानपत्राचा पिवळा. जोड्याच आणा. सुटा रंग घरी आणला की त्याचं काय करायचं ते कळत नाही.

नक्कल वाईट असं मी म्हणत नाही. शिकताना सगळेच करतात. पण चित्राची नक्कल करण्यापेक्षा थरांची करा. खाली काय आहे, आधी रंग की आधी कागद, कुठे खरवडलंय, हे ओळखायचा प्रयत्न करा आणि विषय मात्र तुमच्या घरातला घ्या.

जाड पुठ्ठ्यावर कागदाचे थर फेव्हिकॉलनं चिकटवले तर पुठ्ठा वाकतो. दडपणाखाली ठेवला तरी काढल्यावर पुन्हा वाकतो. शिवाय आर्ट जर्नलची (चित्रं-कोलाजच्या वहीची) पानं एकमेकांना चिकटली आणि दोन पानांवर बुरशी आली. (हडपसर, आयटीतला एक हौशी)

पुठ्ठ्याचा पापड होतो, तो आधी. गिरणीत बनलेल्या कागदात तंतू बहुतेक एकाच दिशेला लोळलेले असतात. छापखान्यात त्याला ग्रेन म्हणतात. ओल लागली की तंतू जाडीला फुगतात, लांबीला जवळजवळ नाहीच. म्हणून ओला कागद एका दिशेला जास्त वाढतो. तो वाढलेल्या स्थितीत तुम्ही चिकटवता, वाळताना तो आकसतो आणि पुठ्ठ्याला आपल्याकडे ओढून घेतो. दडपण त्याला फक्त थोपवतं.

उपाय असा : मागच्या बाजूलाही तेवढाच कागद, त्याच गोंदानं, त्याच दिवशी लावायचा. दोन्हीकडून ओढ सारखी झाली की पुठ्ठा सरळ राहतो. पुस्तकाच्या पुठ्ठ्याला आतून कागद लावतात, त्याचं एक काम हेच असतं. दोन्ही कागदांचं आणि पुठ्ठ्याचं ग्रेन एकाच दिशेला हवं. ते ओळखायला वर्तमानपत्र फाडून बघा, एका दिशेला सरळ फाटतं, दुसऱ्या दिशेला वेडंवाकडं. जाड कागद फाडायची गरज नाही. हलकेच वाकवा, ज्या दिशेला सहज वळतो त्या वळणाच्या रेघेला ग्रेन समांतर. हातकागदाला, म्हणजे हातानं बनवलेल्या कागदाला, हा त्रास फार कमी, कारण साच्यात उचलताना तंतू चहूकडे पसरतात.

फेव्हिकॉल सरसकट वापरू नका. पुठ्ठ्यावर कापड, दोरा, बटण लावायला तो उत्तम. पातळ कागदाला मैद्याची खळ बरी. एक वाटी मैदा, पाच वाट्या पाणी. आधी थोड्या थंड पाण्यात मैदा गुठळी न होता कालवायचा, मग उरलेलं पाणी घालून मंद आचेवर ढवळत राहायचं. पांढरेपणा जाऊन खळ काचेसारखी दिसू लागली की उतरवायची, गार झाली की गाळून घ्यायची. फ्रीजमध्ये दोन-तीन दिवस टिकते, वास आला की टाकून द्या. खळ हळू वाळते, त्यामुळे कागद सरकवून जागेवर बसवता येतो. फेव्हिकॉल तेवढी सवड देत नाही. जुने बायंडर कसर लागू नये म्हणून खळीत चिमूटभर मोरचूद घालत. ते विषारी आहे. घरच्या स्वयंपाकाच्या पातेल्यात आणि पोरंबाळं असतील तिथे तो उद्योग नको.

वाळवताना वर-खाली बटरपेपर, त्यावर टिपकागद किंवा जुन्या वह्यांची कोरी पानं, मग वजन. टिपकागद दर तासा-दोन तासांनी बदला. हे कुणी करत नाही आणि मग मला पत्र लिहितात.

पानं चिकटतात ती ॲक्रिलिक रंगामुळे. तो वाळल्यावरही प्लास्टिकच असतो, आणि दमट हवेत दोन रंगवलेली पानं दाबून ठेवली की एकमेकांना धरतात. रंगवलेल्या पानावर मेणबत्तीच्या नव्हे, मधमाशीच्या मेणाचा अगदी पातळ हात फिरवून सुती कापडानं घासा, आणि मध्ये बटरपेपर ठेवाच. बुरशी आलेलं पान वहीपासून ताबडतोब वेगळं करा. हवेशीर जागी पूर्ण वाळू द्या, मग तोंडाला मास्क लावून घराबाहेर मऊ ब्रशनं झटका. ओल्या फडक्यानं पुसाल तर पसरेल. जूनपासून सप्टेंबरपर्यंत जर्नल भिंतीला लागून असलेल्या कपाटात ठेवू नये.

थर देण्याचं कौतुक नव्यानं चाललंय म्हणून एक आठवण देते. सावंतवाडीच्या गंजिफांची, म्हणजे हातानं रंगवलेल्या जुन्या खेळाच्या पत्त्यांची, पानं पारंपरिक पद्धतीनं अशीच होतात : कागदाचे थर चिंचोक्याच्या खळीनं जोडायचे, वर खडूच्या भुकटीचा लेप, तो घोटून गुळगुळीत करायचा, मग चित्र आणि शेवटी लाखेचा हात. रंगवण्याआधी द्यायला तुम्ही बाटलीतून जेसो आणता तोही खडूचा आणि चिकट पदार्थाचाच लेप. घरी करायचा तर खडूची बारीक चाळलेली भुकटी, फेव्हिकॉल आणि पांढरा ॲक्रिलिक सारख्या प्रमाणात घेऊन पाण्यानं दह्याइतकं सैल करा.

आजोबांच्या ट्रंकेत मोडीतली जुनी कागदपत्रं आणि हिशेबाच्या वह्या सापडल्या. घरात कुणाला मोडी येत नाही. कोलाजसाठी कागद अप्रतिम आहे. वापरू का? (शुक्रवार पेठ)

नाही.

वाचता येत नाही म्हणून तो कोरा ठरत नाही. त्यात जमिनीचा कागद असेल, कर्जाचा असेल, कुणाच्या लग्नातल्या आहेराची यादी असेल. आधी मोडी वाचणाऱ्याला दाखवा. भारत इतिहास संशोधक मंडळ तुमच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. इतिहाससंशोधक वि. का. राजवाड्यांनी १९१० साली ते काढलं, ते अशाच बासनांतल्या कागदांसाठी. तिथे विचारा. दरम्यान वह्यांना पाणी, खळ काही लावू नका. काजळाची जुनी शाई उन्हानं फिकी पडत नाही, पण डिंकात कालवलेली असल्यामुळे पाण्यानं सुटते.

कोलाजसाठी स्कॅन करा आणि लेझर प्रिंटरवर पातळ क्रीम कागदावर छापून घ्या. इंकजेटचं छापील गोंद लागला की बहुधा फुटतं, लेझरचं नाही. छापलेल्या पानावर चहाच्या गार पाण्याचा हात फिरवा, कडा फाडा. भिंतीवर टांगल्यावर कुणाला फरक कळणार नाही, आणि ट्रंक शाबूत राहील.

पुण्यात कागद स्वस्तात कुठे मिळतो? (धानोरी, वाघोली, बाणेर आणि आणखी बरेच)

दरवर्षी हा प्रश्न येतो, दरवर्षी हेच उत्तर. फुकट हवा तर पेठांतल्या छापखान्यात जाऊन कटिंगच्या पट्ट्या मागा. दुपारी जेवणाच्या वेळेला जाऊ नका. शंभर जीएसएमच्या (जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन) रंगीत पट्ट्यांपासून आर्टपेपरच्या तुकड्यांपर्यंत काहीही हाती लागतं. रंगीत ताव, पुठ्ठे, कार्डशीट अप्पा बळवंत चौकात. लेस, मणी, टिकल्या, सजावटीचं किडुकमिडुक तुळशीबागेत नाहीतर बोहरी आळीत. जुनी पुस्तकं, नकाशे, फोटोंच्या चौकटी मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात, बुधवारी किंवा रविवारी, आणि भाव केल्याशिवाय घेऊ नका.

पैसे खर्च करायचेच तर शिवाजीनगरला कृषी महाविद्यालयाजवळच्या हातकागद संस्थेत करा. १९४० पासूनची संस्था, सुती चिंध्यांच्या लगद्यापासून कागद करते. कसबा पेठेत कागदीपुरा आहे, तिथे एकेकाळी कागद करणारी घरं होती. ती विद्या या शहरात वेगळ्या रूपात टिकली आहे आणि आपण मात्र परदेशी लेबल बघून दुप्पट पैसे मोजतो. चिंध्यांच्या कागदाचा मोठा गुण म्हणजे तो वर्तमानपत्रासारखा पिवळा पडून चुरा होत नाही. वर्तमानपत्र लाकडाच्या लगद्याचं, त्यात लिग्निन हा लाकडातला घटक राहतो, उजेड लागला की कागद काळवंडतो. टिकायला हवं असेल त्या कामात खरं वर्तमानपत्र घालू नका.

मला चमकी खूप आवडते पण आई घरात आणू देत नाही. तुम्ही तिला सांगाल का? (इयत्ता सहावी, कोथरूड)

मी आईच्या बाजूची आहे, बाळा. चमकी पोळीच्या पिठापर्यंत पोचते. चमक हवी असेल तर चॉकलेटची चांदी आणि अगरबत्तीच्या पुड्यातला सोनेरी कागद जमव. चांदी चमच्याच्या पाठीनं घासून सपाट कर. मग जाळीदार लेस किंवा पिंपळाचं पान खाली ठेवून वरून बोटानं हळूहळू दाब, शिरा उमटतील. त्यावर काळा रंग फासून लगेच कोरड्या कपड्यानं पूस. खोलगट भागात काळं राहील, उंच भाग चमकेल. मागून कागदाचा एक तुकडा चिकटव, नाहीतर दुसऱ्या दिवशी चुरगळतं. आणि जमलं की एक आईच्या पाकिटात ठेवायला कर.