उबंटू उडवलं, तरी बूटच्या यादीत त्याचं नाव कसं?

प्रश्न: नमस्कार दादा, मी इंदूरला लोकमान्य नगरात राहते, घरूनच लग्नाच्या, मुंजीच्या पत्रिकांचं डीटीपी करते. दिवाळीत भाचा आला होता, त्यानं कॉम्प्युटरवर विंडोजसोबत उबंटू (विंडोजसारखीच दुसरी, लिनक्सची सिस्टीम) पण टाकून दिलं. मला काही ते जमेना, म्हणून डिस्क मॅनेजमेंटमध्ये जाऊन त्याचं पार्टिशन डिलीट केलं. तेव्हापासून मशीन चालू केलं की काळा स्क्रीन आणि त्यावर नुसतं ग्रब, मग बंद करून परत चालू करताना एफ १२ दाबते आणि विंडोज निवडते. त्या यादीत उबंटू अजून आहेच. दुकानवाला म्हणतो सगळं फॉरमॅट मारावं लागेल. माझं सहा वर्षांचं काम आहे हो त्यात.

उत्तर: ताई, फॉरमॅट अजिबात मारू नका. त्यात तुमचं काम जाईल आणि ते नाव बहुतेक तिथेच राहील, कारण ती यादी हार्ड डिस्कवर नसतेच, मदरबोर्डवर एक छोटी चिप असते तिच्यात असते. आपल्या रामबागेतल्या जुन्या वाड्यांत भाडेकरू खोली सोडून जातो पण दारावरची पाटी कोणी काढत नाही आणि पोस्टमन येऊन कडी वाजवत बसतो, तसं चाललंय तुमच्याकडे. तुम्ही खोली रिकामी केली, पाटी राहिली.

आणि पाटीबरोबर थोडं सामानही राहिलंय. विंडोजच्या डिस्कवर ईएफआय नावाचं एक लपलेलं पार्टिशन असतं, साधारण १०० एमबीचं, त्यात विंडोजचं मायक्रोसॉफ्ट नावाचं फोल्डर असतं आणि शेजारीच उबंटूचं. ग्रब, म्हणजे उबंटू सुरू करून देणारा प्रोग्राम, तिथूनच सुरू होतो, मग आपली बाकीची फाइल उडवलेल्या पार्टिशनमध्ये शोधतो, ती सापडत नाही म्हणून तसाच थांबतो.

आजच्या आज एवढं करा की चालू करताना एफ २ किंवा डिलीट दाबून (कंपनीप्रमाणे बटण वेगळं असतं) सेटअपमध्ये जा आणि बूट ऑर्डरमध्ये विंडोज बूट मॅनेजर सगळ्यात वर आणा. काळा स्क्रीन बंद होईल, पत्रिकांचं काम अडणार नाही, बाकीचं रविवारी निवांत करा.

रविवारी आधी पत्रिकांची कॉपी पेनड्राइव्हवर घ्या. मग बिटलॉकर किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शन (डिस्कला कुलूप घालणारी विंडोजची सोय) चालू आहे का ते बघा, असेल तर सस्पेंड करा आणि ४८ आकडी रिकव्हरी की कागदावर लिहून ठेवा, नाहीतर बूटमध्ये काही बदललं की मशीन तीच मागत बसू शकतं. आता कमांड प्रॉम्प्ट अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडा, पॉवरशेल नको, कारण महिरपी कंस तिथे वेगळ्या अर्थानं घेतले जातात आणि उगाच एरर येतो. कमांड अर्थातच इंग्रजीत टाइप करायच्या. 'माउंटव्हॉल एस: /एस' म्हटलं की ते लपलेलं पार्टिशन एस ड्राइव्ह म्हणून उघडतं, त्यातल्या ईएफआय फोल्डरमध्ये जाऊन 'आरडी /एस उबंटू' करा. फक्त उबंटू हं! मायक्रोसॉफ्ट आणि बूट या दोन फोल्डरना हात लावायचा नाही.

सामान गेलं, आता पाटी. 'बीसीडीएडिट /एनम फर्मवेअर' दिलं की यादी येते, तिचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. ज्या नोंदीत डिस्क्रिप्शनसमोर उबंटू लिहिलंय तिचा कंसातला लांबलचक नंबर जसाच्या तसा कॉपी करून 'बीसीडीएडिट /डिलीट' च्या पुढे चिकटवा. कंसात बूटएमजीआर लिहिलेली नोंद विंडोजची आहे, ती चुकून गेली तर पंचाईत, मग विंडोजच्या इन्स्टॉल पेनड्राइव्हवरून बूट करून 'बीसीडीबूट सी:\विंडोज' चालवावं लागतं, तेही तिथे विंडोजला सी हेच अक्षर मिळालंय ना ते बघून.

क्रम मात्र हाच ठेवा, आधी फोल्डर मग नोंद. पुष्कळ जण उलटं करतात आणि मग म्हणतात डिलीट केलेलं परत येतं. येणारच ना, काही मदरबोर्ड चालू होताना ते पार्टिशन चाळतात आणि उबंटूची फाइल दिसली की नोंद पुन्हा बनवतात.

प्रश्न: माझ्याकडेही अशीच जुनी नोंद आहे. मदरबोर्डचा सेल काढून ठेवला तर जाईल का? (एक विद्यार्थी, सुदामा नगर)

उत्तर: बहुतेक नाही रे. जुन्या बायोसमध्ये (मशीन चालू करणारा मदरबोर्डवरचा प्रोग्राम) सेटिंग्ज सेलच्या जोरावर टिकायच्या म्हणून ती युक्ती चालायची. आता ही यादी फ्लॅश चिपमध्ये असते, तिला टिकायला वीज लागत नाही, तो सीआर २०३२ सेल मुख्यतः घड्याळ चालू ठेवतो. तू लिनक्सवाला असशील तर लाइव्ह पेनड्राइव्ह (इन्स्टॉल न करता लिनक्स चालवणारा) यूईएफआय मोडमध्येच, म्हणजे बायोसच्या जागी आलेल्या नव्या पद्धतीनं, बूट कर आणि 'ईएफआयबूटएमजीआर' चालव, प्रत्येक नोंदीला चार आकडी नंबर दिसेल, मग 'सुडो' (अ‍ॅडमिनिस्ट्रेटरचे अधिकार) लावून तीच कमांड, तिच्यापुढे डॅश लहान बी, तो नंबर आणि डॅश मोठा बी. पण ईएफआयव्हार्स फोल्डरमध्ये (तिथे चिपमधल्या नोंदी फाइलींसारख्या दिसतात) शिरून हातानं फाइली उडवू नकोस, २०१६ च्या सुमारास अशानं काही लॅपटॉप कायमचे बंद पडले होते आणि त्यानंतर लिनक्सच्या कर्नलमध्ये, म्हणजे गाभ्यातच, त्या फाइलींना कुलूप घालावं लागलं.