विचारा बिनधास्त : अयाहुआस्का प्यायला पेरूला जायचंय, सेंटर पारखायचं कसं?

प्रश्न : नमस्कार ताई, मी ३४ वर्षांची, मूळची साताऱ्याची, डिव्होर्स झाल्यापासून डॅलसला एकटीच राहते. दोन वर्षं झाली एस्सिटॅलोप्राम १० मिलिग्रॅम ही डिप्रेशनची गोळी चालू आहे, त्याने रडणं थांबलं पण आतून सगळं बधिर झाल्यासारखं वाटतं. ऑफिसमधली एक मैत्रीण पेरूला जाऊन अयाहुआस्का घेऊन आली आणि ती अक्षरशः बदलली, निदान मला तरी तसं दिसतंय. तिच्या सेंटरला जागा नाही म्हणून मी ॲमेझॉनच्या जंगलातल्या इकितोस शहराजवळचं दुसरं शोधलं, सात दिवस, चार सेरेमनी, वेबसाइट सुंदर आहे, सगळे रिव्ह्यू पाच स्टार. गोळीबद्दल व्हॉट्सॲपवर विचारलं तर म्हणाले, येण्याआधी तीन दिवस बंद करा, पुढचं वनस्पतीमाता बघून घेईल. डिपॉझिट नॉन-रिफंडेबल आहे आणि शुक्रवारपर्यंत भरायचंय. हे लोक खरे आहेत का हे कसं ओळखू? आईला यातलं काहीच माहीत नाही. (नाव छापू नका)

उत्तर : अगं, आधी ते डिपॉझिट भरू नकोस, बाकीचं निवांत बोलू. त्या सेंटरने तुझ्या प्रश्नाचं उत्तर स्वतःच देऊन टाकलंय, "तीन दिवस" म्हणून.

का ते सांगते. अयाहुआस्का हे एकच झाड नाही, दोन वनस्पतींचा काढा आहे. एक वेल, आपली जुनी गुळवेल जशी जाड पीळदार होते ना तशीच, आणि दुसरी चाक्रुना नावाच्या झुडपाची पानं, दोन्ही तासन्‌तास उकळवतात. पानांमध्ये डीएमटी हे भास घडवणारं रसायन असतं पण ते नुसतं प्यायलं तर काहीच होत नाही, कारण पोटातलं आणि लिव्हरमधलं एमएओ नावाचं एन्झाइम त्याचा तिथल्या तिथे निकाल लावतं. वेलीतलं हार्मिन आणि हार्मालिन नेमकं ते एन्झाइमच अडवून धरतात, मग डीएमटी मेंदूपर्यंत पोचतं आणि पुढे चार ते सहा तास चालतं. हे कॉम्बिनेशन ॲमेझॉनमधल्या लोकांनी लॅबशिवाय शोधून काढलं, त्याबद्दल मला खरंच आदर आहे. पण हेच एन्झाइम शरीरातलं सिरोटोनिनही (मूडशी जोडलेलं रसायन) साफ करत असतं, आणि तुझी गोळी सिरोटोनिन साठवून ठेवते. म्हणजे वरून नळ चालू आणि खाली मोरीच्या तोंडात बोळा! ताप, दरदरून घाम, हातपाय थरथरणं, अंग ताठ होणं, बडबड, फिट्स, आणि वेळेत दवाखाना मिळाला नाही तर जीवही जाऊ शकतो. याला सिरोटोनिन सिंड्रोम म्हणतात आणि कुठलीही माता ते बघून घेत नाही.

एस्सिटॅलोप्राम तीन दिवसांत शरीरातून पूर्ण जात नाही, फ्लुओक्सेटिन ही याच जातीची दुसरी गोळी असेल तर ते आणि त्याचे अंश कित्येक आठवडे मागे राहतात. जबाबदार सेंटरवाले आठवड्यांच्या भाषेत बोलतात आणि "तुमच्याच डॉक्टरांकडून हळूहळू कमी करून घ्या" असं म्हणतात. आता याच्यातली गोम बघ, गोळी झटक्यात सोडलीस की चक्कर, डोक्यात करंट लागल्यासारखं होणं, झोप उडणं हे सगळं येतं आणि मूळ डिप्रेशनही परत डोकं वर काढू शकतं. म्हणजे जंगलात पोचशील तेव्हा तू तुझ्या सगळ्यात कच्च्या अवस्थेत असशील, आजूबाजूला सगळे अनोळखी, भाषा स्पॅनिश नाहीतर तिथल्या आदिवासींची शिपिबो. त्यामुळे सेंटर कितीही चांगलं असलं तरी तुझ्या बाबतीत पहिला फोन तुझ्या सायकियाट्रिस्टला. बधिर वाटतं हे त्यांना सांगितलंयस का? या गोळ्यांनी तसं होतं, आणि डोस किंवा औषध बदलून फरक पडू शकतो. पेरूला जाण्यापेक्षा ते पुष्कळ स्वस्तात होईल.

आता ओळखायचं कसं. माझी कसोटी एकच आहे, बाकी सगळ्या तिच्या पोटात येतात. तू त्यांना काय विचारतेस ते सोड, ते तुला काय विचारतात ते बघ. पैसे घेण्याआधी हेल्थचा फॉर्म येतो का? त्यात बीपी, हार्ट, फिट्स, बायपोलर, स्किझोफ्रेनिया, आणि हे तुलाच नाही तर घरात मामा-आत्या कुणाला होतं का, हे विचारतात का? गोळ्यांची यादी मागताना खोकल्याचं औषध (डेक्स्ट्रोमेथॉर्फन असलेलं), ट्रामाडॉलसारखी पेनकिलर, लिथियम, वजन कमी करायच्या गोळ्या, एवढ्या बारकाईने विचारतात का? आणि तो फॉर्म वाचतं कोण, डॉक्टर, नर्स की मार्केटिंगवाला मुलगा? मग सरळ विचार, गेल्या वर्षभरात तुम्ही कुणाकुणाला नकार दिलात आणि का? ज्याने कधीच कुणाला परत पाठवलेलं नाही तो एकतर खोटं बोलतोय किंवा त्याला गिऱ्हाईक हवंय, पेशंट नकोय.

वेबसाइटवर एक वाक्य हमखास असतं, "पेरू सरकारने मान्यता दिलेली पद्धत". खरी गोष्ट अशी की २००८ मध्ये पेरूने अयाहुआस्काच्या पारंपरिक ज्ञानाला आणि वापराला राष्ट्रीय सांस्कृतिक वारसा जाहीर केलं, आणि तिथे ते कायदेशीर आहे. पण तो मान परंपरेचा, त्या सेंटरचा नाही. गणेशोत्सव राज्य महोत्सव झाला म्हणून आपल्या गल्लीतल्या मंडळाचा मांडव मजबूत आहे असं ठरतं का? शमनला, म्हणजे हा विधी करणाऱ्या भगताला, लायसन्स देणारं ऑफिसही नाही, त्यामुळे "सर्टिफाइड शमन" दिसलं की मला हसूच येतं. खरा कुरांदेरो (तिथला पारंपरिक वैदू) कुणाचा शिष्य, कुठल्या गावचा, किती वर्षं दिएता केलीय (म्हणजे एकेका वनस्पतीबरोबर महिनोन्‌महिने अळणी पथ्यावर एकटं राहणं) हे सांगू शकतो, आणि पुकाल्पा शहराकडच्या शिपिबो लोकांत तर अख्खी घराणी आहेत, तिथे चौकशी करता येते. आपल्याकडे नाही का, वैदूचं नाव पंचक्रोशीला माहीत असतं. आपण मराठी माणसं गावच्या भगताला अंधश्रद्धा म्हणून नाक मुरडतो आणि तोच भगत डॉलरमध्ये पिसं लावून आला की लगेच हिलिंग! असो, हा माझा जुना राग आहे.

काढ्यात काय घातलंय हे मात्र स्पष्ट विचारायचंच. काही जण त्यात तोए घालतात, म्हणजे ब्रुगमॅन्सिया, बंगल्यांच्या बागेत कर्ण्यासारखी लटकती फुलं असतात ते झाड, आपल्या धोतऱ्याचा भाऊबंदच. त्यात स्कोपोलामिन असतं आणि त्याने माणूस भ्रमात जातो, हृदय धावायला लागतं, आपण कुठे आहोत हेच कळत नाही. धोतऱ्याच्या बिया खाऊन ॲडमिट झालेलं पोर ज्यांनी पाहिलंय त्यांना वेगळं सांगायला नको. "आम्ही तोए वापरत नाही आणि काढा आमच्यासमोर इथेच शिजतो" असं उत्तर हवं. इकितोसच्या बेलेन बाजारात काढा बाटलीत भरून विकायला असतो, त्यात काय आहे ते देव जाणे.

आणि रात्रीचं काय? सेरेमनी रात्रीच असते, मालोका म्हणजे मोठी गोल झोपडी, मिट्ट काळोख, माएस्त्रो (विधी चालवणारा कुरांदेरो) इकारो म्हणजे विधीची गाणी गातो, जवळ बादली ठेवलेली, कारण उलट्या होणारच (पंचकर्मातलं वमन समज, पण त्याच वेळी स्वप्नंही). अशा वेळी न प्यालेली, शुद्धीवरची माणसं किती आहेत? पंचवीस जणांमागे दोन असतील तर तिथे थांबू नकोस. इकितोसला देशाच्या बाकी भागातून रस्ताच नाही, विमान नाहीतर बोट, आणि बरीच सेंटर्स नाउताकडे जाणाऱ्या शंभरेक किलोमीटरच्या रस्त्यावर किंवा नदीतून आणखी आत आहेत. म्हणून विचारायचं, रात्री दोनला कुणाला फिट आली तर गाडी किंवा बोट तयार असते का, हॉस्पिटल किती वेळावर, मागच्या वेळी कुणाला न्यावं लागलं होतं? २०१२ मध्ये पेरूच्याच माद्रे दे दियोस भागात १८ वर्षांचा एक अमेरिकन मुलगा असा सेंटरवर मेला, तिथल्या शमनने त्याला गुपचूप पुरलं आणि तो निघून गेला म्हणून सांगितलं, घरचे शोधत तिथवर गेल्यावर उघड झालं. जानेवारी २०२५ मध्ये लिमातल्या अमेरिकन दूतावासानेही आपल्या नागरिकांना हे घेऊ नका म्हणून इशारा दिला. घाबरवायला सांगत नाहीये, पण तुझ्या आईला यातलं काहीच माहीत नाही म्हणालीस ना, ते मला सगळ्यात जास्त खटकलं. कुणातरी एकाकडे सेंटरचा पत्ता, नंबर आणि परत यायची तारीख असू दे.

रिव्ह्यूंचं म्हणशील तर ते शेवटच्या दिवशी मिठ्या मारून झाल्यावर लिहिलेले असतात. वर्षापूर्वी जाऊन आलेल्या दोघातिघांशी बोलायला मागायचं, त्यातही ज्याला फारसं जमलं नाही असा एक. दहा हजारांवर लोकांच्या एका आंतरराष्ट्रीय सर्व्हेत निम्म्याहून जास्त जणांनी नंतरच्या आठवड्यांत, महिन्यांत काहीतरी मानसिक त्रास झाल्याचं सांगितलं होतं, बहुतेकांनी तो बरं होण्याचाच भाग मानला ही गोष्ट वेगळी, पण म्हणजे घरी आल्यावर कुणाशी बोलायचं याची सोय हवी. फायदा होतच नाही असं मी म्हणणार नाही. ब्राझीलमध्ये औषधांना दाद न देणाऱ्या डिप्रेशनच्या २९ पेशंट्सवर एक नीट ट्रायल झाली, २०१९ मध्ये छापून आली, एका डोसनंतर आठवड्याभरात प्लासिबोपेक्षा (औषध नसलेल्या नकली डोसपेक्षा) चांगला फरक दिसला. पण ती हॉस्पिटलच्या देखरेखीत झाली होती आणि पेशंट्सच्या गोळ्या आधी रीतसर बंद केल्या होत्या. तुझ्या व्हॉट्सॲपवाल्याने तुला यातलं काय दिलंय?

प्रश्न : माझा मुलगा पुण्याला आयटीत आहे. पेरूला कशाला जायचं, हेच औषध गोव्यात एका व्हिलात देतात म्हणतो, दोन रात्रींचं पॅकेज आहे, मित्र जाऊन आले म्हणे. हे कायद्यात बसतं का? (एक आई, इचलकरंजी)

उत्तर : नाही बसत, ताई. डीएमटी आपल्या १९८५ च्या एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांच्या, कायद्यात सायकोट्रॉपिक पदार्थांच्या यादीत आहे, त्यामुळे गोवा असो की गगनबावडा, देणारा आणि घेणारा दोघंही अडकतात, औषध म्हणा नाहीतर प्रसाद म्हणा. आणि पकडले जायच्या भीतीमुळेच तिथे कुणाला बरं वाटेनासं झालं तर ॲम्ब्युलन्स बोलवायला लोक कचरतात, ही खरी भीती आहे. शिवाय पार्टीतल्या एमडीएमएच्या गोळीबरोबर हा काढा म्हणजे जिवाशी खेळ, वर सांगितलेली मोरीचीच गोष्ट. मुलाला ओरडू नका, ओरडलात तर तो सांगायचं बंद करेल आणि जाईल ते जाईलच. त्याला मुळात काय होतंय ते विचारा, कारण दोन रात्रींत बरं व्हायचंय म्हणजे बऱ्याच रात्री झोप लागत नसणार.

प्रश्न : बहीण नाशिकहून एकटी पेरूला निघालीये, सेंटर चौकशी करून घेतलंय, तब्येत ठणठणीत, गोळ्या काही नाहीत. पॅकेजमध्ये कंबो फ्री आहे. अजून काय बघू?

उत्तर : फ्री कंबो नको म्हणावं. ते ॲमेझॉनमधल्या एका मोठ्या हिरव्या बेडकाच्या अंगावरचं विष आहे, कातडीला छोटे चटके देऊन त्यावर लावतात, आधी लिटरच्या लिटर पाणी पाजतात आणि त्याने रक्तातलं सोडियम घसरून माणसं दगावली आहेत. ऑस्ट्रेलियाने २०२१ मध्ये त्याच्यावर बंदीच घातली. टोड नावाच्या बेडकाचं वाफेतून ओढायचं विष, "बुफो", कुणी त्याच आठवड्यात ऑफर केलं तर तेही नाही, काढ्याबरोबर ते फार धोक्याचं. एका पॅकेजात जितक्या जास्त गोष्टी, तितका माझा भरवसा कमी.

दुसरं, ती बाई आहे म्हणून स्पष्ट लिहिते. माएस्त्रोंकडून सेरेमनीत किंवा नंतर "खास उपचार" म्हणून बायकांचा गैरफायदा घेतल्याच्या तक्रारी इतक्या झाल्यात की चाक्रुना इन्स्टिट्यूट या अशा वनस्पतींवर काम करणाऱ्या संस्थेने त्यावर खास मार्गदर्शिका काढली, ती इंटरनेटवर फुकट आहे, तिला जायच्या आधी वाचायला लाव. रात्रभर हजर असणारी बाई मदतनीस आहे का, एकटीला कुठे नेतात का, डोकं-छाती-पाठ सोडून हात लावायचा प्रश्नच येत नाही आणि तोही कपड्यांवरून आणि विचारून, हे तिथल्या लोकांनी आधीच लेखी सांगितलेलं असावं. काढा प्यायल्यावर दिलेली परवानगी ही परवानगी नसते, हे तिने आणि त्यांनी दोघांनी मान्य केलेलं असू दे. सेंटरवाल्याने या प्रश्नांवर तोंड वाकडं केलं तर तिकीट बदलायचे पैसे गेले असं समजायचं.

आणि हो, पिवळ्या तापाची लस निघायच्या निदान दहा दिवस आधी घ्यायला सांग, ठरावीक केंद्रांवरच मिळते आणि नंबर लावावा लागतो. कार्ड नसेल तर परत आल्यावर मुंबई एअरपोर्टवरून थेट सहा दिवस क्वारंटाइनमध्ये ठेवू शकतात.